वसंतशेठची जुनी कवळी

पेणला आमच्या आळीत शिरलं की डाव्या हाताला वसंतशेठचा गणपतीचा कारखाना लागतो. आता तो त्यांचा पुतण्या चालवतो. दारातून आत आलेल्या गिऱ्हाइकाची नजर पहिल्यांदा जाईल अशा जागी शेठचा फोटो टांगलाय. फोटोला चंदनाचा हार आहे, आणि फोटोत शेठ सगळे दात काढून हसतायत. मुंबईहून मूर्ती न्यायला आलेली मंडळी त्याच्यापुढे घटकाभर थांबतात आणि कोणीतरी हटकून म्हणतं, "किती हसरा माणूस होता हो."

मी शेजारीण. माझा सगळा संसार त्यांच्या भिंतीला भिंत लावून झाला, तेव्हा मला विचारा. वसंतशेठ हसत नव्हते, दात दाखवत होते. नवे दात बसवल्याच्या आठवड्यातच त्यांनी स्वतः फोटोवाल्याला घरी बोलावून हा फोटो काढून घेतला होता. त्याआधीचा तोंड उघडं असलेला त्यांचा एकही फोटो सापडायचा नाही.

गेलेल्या माणसाबद्दल बरं बोलावं म्हणतात. मीही बोलले असते, पण बरं असं काही शोधत बसले तर माझाच दिवस मोडायचा. त्यापेक्षा जे बघितलं ते सांगते.

शेठचा पांढरा लेंगा-सदरा कायम परीटघडीचा. दिवसभर प्लास्टरच्या धुरळ्यात वावरणाऱ्या माणसाचे कपडे इतके स्वच्छ कसे, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं होतं. ते कशालाही हात लावत नसत. साचे त्यांच्या वडिलांनी केलेले, माल कारागीर काढायचे, डोळ्यांची आखणी रघू नावाचा जुना माणूस करायचा, आणि शेठ हात मागे बांधून, गालात तंबाखू धरून फेऱ्या मारायचे. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हा. पण ऐट अशी की गणपती कैलासावरून सुटला तो थेट ह्यांच्याकडेच घडायला आला.

त्यांच्या बोलण्यात एक शब्द सारखा यायचा, साचा. "साचा बरोबर असला की माल बरोबर," हे त्यांचं तत्त्वज्ञान. आमटी बिघडली तर बायकोच्या माहेरचा साचा वाईट. शेजारच्या पोराला मार्क कमी पडले तर बापाचा साचा वाईट. माझे यजमान गेले तेव्हा हे गृहस्थ भेटायला आले, पाटावर बसले, आणि म्हणाले, "साचाच नाजूक होता तुमच्या मिस्टरांचा." मी त्यांना चहा दिला. त्या चहाचं मला अजून वाईट वाटतं.

त्यांच्या बायकोचं नाव मालती. आम्ही मालूवहिनी म्हणायचो. रोह्याच्या अलीकडचं निडी हे त्यांचं माहेर, आणि बोलणं अजून तिकडचंच. पोह्याचे पापड लाटावेत तर वहिनींनी. उन्हाळ्यात त्यांच्या गच्चीवर पापडांच्या रांगा लागायच्या आणि आळीतल्या निम्म्या घरांत त्यांचेच पापड जायचे. पण वहिनींचे दात पन्नाशीच्या आतच गेले. हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, मग एकेक काढला. कुठल्याशा मोफत शिबिरात त्यांना वरची आणि खालची कवळी मिळाली होती. वरची टाळूला चिकटून बसली. खालची काही बसेना. जीभ हलली की ती उठायची, घास घेतला की फिरायची. शेवटी वहिनींनी ती कपाटात ठेवून दिली आणि वरच्या दातांवर संसार चालवला. स्वतः लाटलेला पापड भाजून, वरणात बुडवून, मऊ करून खायच्या. मी एकदा हळहळले तर म्हणाल्या, "आता चणे हायत तर दात नायत, सुमन. चालायचंच." चारचौघांत जेवायला बसल्या की तोंडावर पदर धरायच्या. निडीला दरवर्षी थंडीत त्यांच्या भावाच्या शेतावर पोपटी, म्हणजे वालाच्या शेंगा नि अंडी मडक्यात घालून जाळावर भाजायची मेजवानी, लागायची; तिथेही जाणं त्यांनी कमी केलं होतं. वालाची शेंग दातांत धरून ओढल्याशिवाय पोपटी खाल्ल्यासारखी वाटत नाही, आणि आपण आपलं अंडं कुस्करून खात बसायचं, हे त्यांना माहेरच्या माणसांत नको वाटायचं.

शेठनाही कवळीच होती, वरची आणि खालची. तंबाखूने दात खाल्ले होते. पण त्यांच्या कवळीबद्दल बोलायची कोणाची टाप नव्हती. तो विषय प्लास्टरच्या घमेल्याने जगजाहीर केला.

गणपती तोंडावर आले होते. ठाण्याच्या एका मंडळाची माणसं मूर्ती बघायला आली होती, आणि गिऱ्हाईक समोर असलं की शेठना कारागिरावर डाफरायची सुरसुरी यायची. रघू घमेल्यात प्लास्टर कालवत होता. शेठ त्याच्या अंगावर वाकले आणि ओरडले, "किती पातळ करतोस? तुला शिकवलं कोणी रे..." एवढ्यात खालची कवळी तोंडातून निसटली ती थेट घमेल्यात.

कालवलेलं प्लास्टर बघता बघता धरतं, हे पेणच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेठ तोंडावर एक हात ठेवून दुसऱ्या हाताने घमेल्याकडे बोट दाखवायला लागले. रघूने सगळं बघितलं होतं. पण मालकाचा हुकूम झाल्याशिवाय कालवलेल्या मालाला हात लावायचा नाही ही शेठचीच शिस्त. रघू हात बांधून, मोठ्या अदबीने, हुकमाची वाट बघत उभा राहिला. शेठ तोंड मिटूनच "ऊं, ऊं" म्हणाले. रघू म्हणाला, "जी शेठ?" मंडळाची माणसं एकदम पलीकडची मूर्ती बघायला वळली. त्यांचे खांदे हलताना मला आमच्या ओट्यावरून दिसत होते.

शेवटी आतून मालूवहिनी आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. घट्ट होत आलेला गोळा त्यांनी घमेल्यातून उपसला, मागच्या ओट्यावर नेऊन लहान हातोडीने फोडला, कवळी ब्रशने घासून स्वच्छ केली आणि पदराआड नवऱ्याच्या हातात दिली. कवळी तोंडात बसल्यावर शेठ पहिलं वाक्य बोलले ते त्यांनाच. "मेली होतीस कुठे एवढा वेळ?" रघूला त्या संध्याकाळी कामावरून काढलं, आणि दुसऱ्या सकाळी बोलावून आणलं, कारण मूर्ती डोळ्यांवाचून बसल्या होत्या.

त्यानंतर शेठनी स्क्रूचे दात बसवायचं मनावर घेतलं. पेणला दातांचे डॉक्टर काय कमी आहेत? पण पेणच्या डॉक्टरकडे गेलं तर पेणला कळणार. म्हणून स्वारी गाडीने रोह्याला निघाली, पिशवी धरायला बायकोला बरोबर घेऊन. कासू, नागोठणे करत गाडी निडीला थांबली की वहिनी खिडकीतून माहेरच्या बाजूला बघायच्या. "उतरायचं नाय," शेठ म्हणायचे. एवढ्या फेऱ्यांत एकदाही उतरू दिलं नाही.

रोह्याच्या डॉक्टर नाझिया तरुण आहेत. बाप कुवेतला राबला आणि मुलगी शिकली. मी रोह्याच्या बँकेत नोकरीला होते तेव्हा त्यांच्या घरचं खातं आमच्याकडे होतं, त्यामुळे माझी ओळख. शेठ त्यांना पाठीमागे 'ती पोरगी' म्हणत आणि समोर मान तिरकी करून ऐकत. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की खालच्या जबड्याच्या हाडात पुढच्या बाजूला दोन स्क्रू बसवायचे, ते हाडात पक्के व्हायला तीनेक महिने द्यायचे, मग त्यांच्या डोक्यावर बटणं, आणि कवळीच्या आत त्या बटणांवर बसणाऱ्या टोप्या. कवळी दाबली की बसते, ओढली की निघते. मात्र रात्री काढून ठेवायची, बटणांच्या भोवती मऊ ब्रशने रोज साफ करायचं, तंबाखू बंद. टोप्यांच्या आतली कडी झिजली की येऊन बदलून घ्यायची, मिनिटांचं काम आहे.

बोलता बोलता डॉक्टरांचं लक्ष वहिनींकडे गेलं. म्हणाल्या, "काकी, तुम्ही पण दाखवा ना." बघून म्हणाल्या, "यांचा तर खालचा जबडा अगदी झिजलाय. साधी कवळी यांना बसणारच नाही. काका, खरं तर तुमच्यापेक्षा यांना जास्त गरज आहे."

शेठ म्हणाले, "तिचं काय एवढं? ती वरणभात खाते."

वहिनींनी तोंड मिटलं आणि पिशवी मांडीवर घेतली. हे मला पुढे डॉक्टरांनी सांगितलं, वहिनींनी नाही.

दात बसले. ज्या गोष्टीचा पेणला पत्ता लागू नये म्हणून रोह्याच्या वाऱ्या केल्या, ती गोष्ट आता पेणच्या प्रत्येक माणसाला बोलावून दाखवणं सुरू झालं. चहाला आलेल्या पाहुण्यासमोर शेठ खालची कवळी ओढून काढायचे, हिरडीतून डोकावणारी ती दोन बटणं दाखवायचे, आणि परत दाबायचे. टक् असा आवाज यायचा. "बटण हाय, बटण," ते म्हणायचे. "लोकांची कवळी लोळते. आपली लॉक होते." पाहुण्याचा चहा तसाच राहायचा. संक्रांतीला त्यांनी ओट्यावर बसून ऊस सोलला, दातांनी. गिऱ्हाइकापुढे अख्खी सुपारी फोडली. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे असतात म्हणे. गणपतीच्या ह्या कारखानदाराने दोन्हींची जोडणी करून घेतली होती.

त्या वर्षीच्या पोपटीला ते मुद्दाम निडीला गेले, आणि वहिनींचा भाऊ दामू याच्यासमोर बसून गावठी कोंबडीची तंगडी हाडासकट कडाकडा चावली. वहिनी जाळाच्या पलीकडे बसून अंडं कुस्करत होत्या. दामू म्हणाला, "भावजी, आमच्या मालूलापण करून द्या की असे." शेठनी हाड थुंकलं आणि म्हणाले, "बघू."

आता त्यांनी काय बघितलं ते ऐका.

पुढच्या नवरात्रात एके दुपारी मी कारखान्याच्या मागच्या दारातून गेले तर वहिनी एका पाटावर बसलेल्या, तोंड वर करून उघडलेलं, आणि शेठ त्यांच्या खालच्या हिरडीवर शाडूच्या मातीचा गोळा दाबतायत. भोवती कारागीर कामं टाकून बघत होते. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं. "हलू नकोस, साचा बिघडतो," शेठ म्हणाले. मी विचारलं हे काय चाललंय, तर म्हणाले, "पेणात राहून तोंडाचा साचा काढायला रोह्याला जायचं? आपल्याकडे काय कमी हाय?" त्या माणसाने जन्मात स्वतःच्या हाताने काढलेला हा पहिला साचा असावा. मातीचा गोळा बाहेर आला तेव्हा वहिनींनी मोरीत जाऊन किती तरी वेळ चुळा भरल्या.

दिवाळीच्या पाडव्याला मी फराळाचं ताट घेऊन त्यांच्याकडे गेले होते. वहिनींनी नवी साडी नेसून नवऱ्याला ओवाळलं. पाडव्याला नवऱ्याने तबकात काही तरी घालायचं असतं. कोणी साडी देतं, कोणी एखादा दागिना, गरिबाघरी एखादं नाणं पडतं. शेठनी सदऱ्याच्या खिशातून गुलाबी डबी काढली आणि तबकात ठेवली. डबीला मखराची जरीची रिबीन बांधलेली होती. "उघड की," ते म्हणाले. वहिनींनी उघडली. आत शेठची जुनी खालची कवळी होती, घमेल्यात पडली होती तीच. शाडूच्या साच्यावर बसवून बघत बघत ती त्यांनी कानशीने घासून आणली होती, बायकोच्या मापाची म्हणून.

"स्वतः घासली," शेठ माझ्याकडे बघून म्हणाले. "पडून होती, वाया कशाला घालवायची?"

मला वाटलं वहिनी तबक टाकतील. मी असते तर निरांजनासकट त्यांच्या डोक्यावर घातलं असतं. वहिनींनी नुसती डबी बाजूला सरकवली, ज्योत लागू नये म्हणून, आणि म्हणाल्या, "बरं." मी फराळाचं ताट तिथेच ठेवून घरी आले.

वापरलेले कपडे देतात, वापरलेली सायकल देतात. तोंडातले दात उतरवून बायकोला देणारा माणूस मी एकच बघितला. वर त्यांना ते औदार्य वाटत होतं. बाजारात भेटतील त्याला सांगायचे, "मालूचं पण काम करून टाकलं."

जेवायला बसलं की शेठ विचारायचे, "घातलीस का?" वहिनी घालायच्या आणि डोळे मिटून घास गिळायच्या. ताटं उचलली की कवळी काढून मागच्या खिडकीत ठेवायच्या. मी विचारलं, बसते तरी का? म्हणाल्या, "बसते गो, जीभ नाय हलवली तर." हे शेठच्या कानावर गेलं तेव्हा ते खूश झाले. म्हणाले, "चला, घरात शांतता." संक्रांतीपर्यंत वहिनींचा एक गाल सुजून टरारला. तोंडात बघितलं तर हिरडीवर फोड आले होते. मी त्यांना सांगितलं, उद्या माझ्याबरोबर रोह्याला चला, आणि शेठना काही सांगायचं नाही. शेठना विचारायला सवडही नव्हती, माघी गणपतीचा माल निघायचा होता.

डॉक्टर नाझियांनी ती कवळी तोंडातून काढून दिव्याखाली धरली. उलटसुलट केली. मग विचारलं, "काकी, ही कोणी घासली?"

"ह्यांनी. कानशीने."

"ही तर काकांची आहे." डॉक्टरांनी कवळी ट्रेमध्ये ठेवली. मग म्हणाल्या, "काकी, प्रत्येकाचा जबडा वेगळा असतो. दुसऱ्याची कवळी कितीही घासली तरी आपली होत नाही. ही परत घालू नका. फोड बरे होऊ दे, मग मी तुम्हाला साधीच नवी करून बघते. फार अपेक्षा ठेवू नका एवढंच."

वहिनी खुर्चीत पडल्या पडल्याच म्हणाल्या, "नाय. ह्यांच्या तोंडात हायत तसेच बसव. बटणाचे. आन् माप माझ्याच तोंडातून घे."

इतकी वर्षं शेजार केला, पण ही बाई 'मला पाहिजे' असं काही म्हणाल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. पैशाचं काय, असं मी हळूच विचारलं, तर म्हणाल्या, पापडाचे आहेत. पापडाचे पैसे म्हणजे किरकोळ, अशी शेठची समजूत होती आणि त्यामुळे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

पुढचं सांगितलं तर खोटं वाटेल, पण मी साक्षीला आहे. वहिनींच्या जबड्यात दोन स्क्रू बसले. टाके पडले, तोंड सुजलं, उतरलं. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. त्याच घरात, त्याच पंक्तीला शेठ बसत होते. त्यांना काही दिसलं नाही; "घातलीस का?" हे विचारणंही ते माघी गणपतीच्या गडबडीत विसरले ते विसरलेच. वहिनी आधीही वरणभातच खायच्या आणि आताही वरणभातच खात होत्या. मी दाढ दुखते म्हणायचे आणि वहिनी सोबतीला यायच्या, असं आम्ही घरात सांगत होतो. एकदाच शेठ म्हणाले, "तुमच्या दाढेचा साचाच वाईट दिसतो." मी हो म्हटलं.

इकडे शेठच्या दातांना घरघर लागली होती. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी एक केलं नाही. रात्री कवळी काढायची नाही, कारण बोळकं कोणी बघेल. ब्रश लावायचा नाही, कारण "लोखंडाला काय कीड लागते?" तंबाखू चालूच. तेवढ्यात टोपीच्या आतली कडी झिजली आणि कवळी सैल झाली. मिनिटांचं काम होतं. पण मूर्तीचा जुना रबरी साचा फाटून पडला होता, शेठनी त्याचेच दोन गोल तुकडे कात्रीने कापून टोप्यांत कोंबले. "रबर ते रबर," म्हणाले. जाड रबरामुळे कवळी एका अंगावर उचललेली राहिली, आणि चावलं की सगळा भार एका स्क्रूवर जायचा. तशाच दातांनी ते सुपाऱ्या फोडत राहिले. गणपती संपले तेव्हा हिरडीतून पू येत होता आणि शेजारी बसवत नव्हतं.

रोह्याला जाणं भाग पडलं. दोन्ही स्क्रूंनी हाड सोडलं होतं, ते काढावे लागले. डॉक्टर म्हणाल्या, जखम भरू दे, हाड भरू दे, पुढचं मग बघू. तोवर जुनी कवळी असेल तर ती आणा, मी खाली मऊ अस्तर लावून देते, चालेल थोडे दिवस.

जुनी कवळी म्हटल्यावर शेठच्या जिवात जीव आला. त्या दिवशी मी वहिनींकडे पोहे निवडायला बसले होते. शेठ रुमाल तोंडाशी धरून आत आले आणि फुसफुसत म्हणाले, "मालू, माझी जुनी कवळी काढ. माझं कधी काय अडत नाय. जुनं ते मी जपून ठेवतो."

वहिनींनी पोह्यांवरून हात काढला, कपाटातून गुलाबी डबी आणली आणि त्यांच्या हातात दिली. जरीची रिबीन अजून डबीला होती. शेठनी कवळी तोंडात घातली. ती एकीकडून दुसरीकडे घसरली आणि ओठावर आली. त्यांनी काढली, पुसली, परत घातली. परत तेच. आतल्या कडा बोटाने चाचपत त्यांनी विचारलं, "कोणी घासली ही?"

"तुमी."

"मी?"

"पाडव्याची भेट हाय ती."

शेठ डबीकडे बघत उभे राहिले. मला वाटलं निदान आता काही तरी त्या डोक्यात शिरेल. ते म्हणाले, "मग मला सांगायचं तरी होतंस, नको म्हणून." आणि कारखान्यात निघून गेले.

नवी साधी कवळी करून द्यायला डॉक्टर तयार होत्या. पण त्या पोरीपुढे परत तोंड उघडणार नाही, म्हणाले. स्क्रू तिनेच वाईट बसवले, असं पेणभर सांगत सुटले. पेणच्या डॉक्टरकडे जावं तर पेणला कळेल. म्हणून शेठ बिनखालच्या दातांचे राहिले आणि मऊ भात खायला लागले, बायको इतकी वर्षं खात होती तोच.

मी त्यांना शेवटचं नीट बघितलं ते निडीच्या पोपटीला. वहिनींनी मला बळेच नेलं होतं. शेठना यायचं नव्हतं, पण घरी रांधणार कोण? दिवस कलता कलता दामूने मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घातला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा, खडे मीठ भरलं, आणि मडकं उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवला. शेठ शेताच्या बांधावर खुर्ची टाकून बसले होते. खाली बसायला त्यांना कमीपणा वाटायचा. तोंड आत गेल्यामुळे त्यांची हनुवटी नाकापाशी आली होती.

मडकं फुटलं, वाफ आली, पानांवर शेंगा पडल्या. वहिनी माझ्या शेजारी बसल्या. त्यांनी जरा बाजूला वळून, पदराआड कवळी काढून पाण्याने खळबळली आणि परत बसवली. टक्.

शेठची मान वर झाली. तो आवाज त्यांना कुठेही ओळखू आला असता.

वहिनींनी एक लांब शेंग घेतली, दातांत धरली आणि ओढली. साल त्यांच्या हातात आली आणि वाल तोंडात राहिले. त्या चावत होत्या, पदर खांद्यावर होता. दामूचा हात जाळाशीच थांबला. त्यालाही तेव्हाच कळलं.

"कधी बसवलेस?" शेठनी विचारलं.

"दिवाळीच्या आधी. पाडव्याला तुमाला ओवाळलं ना, तेव्हा तोंडातच होते."

वहिनींनी पानावर एक अंडं घेतलं, कुस्करलं, त्यात वालाचे दाणे सोलून बोटांनी चेपले आणि ते पान उठून नवऱ्याच्या हातात नेऊन दिलं. परत येऊन आपल्या जागी बसल्या. मला त्यांचा रागच आला, खरं सांगते.

शेठनी एक घास घेतला, हिरड्यांवर घोळवला, गिळला.

"मीठ कमी हाय," म्हणाले.

वहिनींनी वर बघितलं नाही. त्यांनी दुसरी शेंग उचलली होती.